जावयाच्या जागरणाचा ड्यूटी-चार्ट

माझे जावई एकोणीस वर्षं दारू प्यायले आणि त्या एकोणीस वर्षांत मी रोज रात्री उत्तम झोपले. हे मी एकदा चारचौघांत बोलून गेले, तेव्हा लेकीने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढचं सांगायचं राहूनच गेलं. ते आता सांगते. जावई प्यायले की घोरायचे. घोरायचे म्हणजे साधंसुधं नाही. ते दिवाणखान्यातच आडवे व्हायचे, दिवाणखाना आणि माझी खोली यांच्यामधली भिंत पातळ आहे, आणि माझ्या कपाटातल्या बरण्यांची झाकणं थरथरायची. पण घोरणं सुरू झालं की समजायचं, आजचा दिवस संपला. आता कोणी वेडंवाकडं बोलणार नाही, दार आपटणार नाही, लेक मोरीत जाऊन नळ सोडून रडणार नाही. मी कूस बदलायची आणि सकाळपर्यंत ढाराढूर.

दारू सुटली त्या दिवसापासून घर असं गप्प झालं की माझ्याही डोळ्याला डोळा लागेना.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होते. तीन पाळ्यांमध्ये काम केलंय, हजारो माणसांच्या शिव्या कानात घातलेल्या हेडफोनमधून ऐकल्यात आणि सगळ्यांना गोड आवाजात 'कृपया थांबा' म्हटलंय. तो सगळा गोडवा नोकरीतच खर्च झाला. घरात मी फटकळ आहे, हे मला माहीत आहे, कोणी सांगायची गरज नाही.

जावई बस डेपोत ड्यूटी लावतात. एकशे बेचाळीस ड्रायव्हर, तेवढेच कंडक्टर. कोण कुठल्या गाडीवर, कोणाची सुट्टी, कोण राखीव, कोणाच्या घरी बाळंतपण म्हणून कोणाला लवकर सोडायचं, हे सगळं ते एका भल्यामोठ्या कागदावर आखतात आणि मग कॉम्प्युटरमध्ये भरतात. आखायचं ते पेन्सिलीने. कानावर पेन्सिल, खिशात खोडरबर. पेनाने लिहिलं की भांडणं होतात, पेन्सिलीने लिहिलं की विनंत्या येतात, असं त्यांचं मत. डेपोत त्यांना पेन्सिलमास्तर म्हणतात. माणूस मुळात वाईट नाही. हे मी एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर त्याच डेपोतले एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. उभ्या आयुष्यात एक अपघात नाही, कारण लाल दिवा दिसायच्या आधीच ब्रेक लावायचे. सगळे त्यांना ब्रेकभाऊ म्हणतात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांचा गणवेश इस्त्री करून दाराच्या मागे टांगलेला असतो. तो कशासाठी, असं मी विचारायचे, तर म्हणायचे, असू द्या.

तर एका रात्री जावयांनी प्यायलेल्या अवस्थेत दुसऱ्या दिवशीचा चार्ट लावला आणि सकाळी सव्वापाचच्या पहिल्या गाडीवर ब्रेकभाऊंचं नाव टाकलं. पहाटे ड्रायव्हरांना घरून उचलणारी व्हॅन आमच्या इमारतीखाली येऊन उभी राहिली. व्हॅनवाला नवा, त्याला काय कल्पना. त्याने हॉर्न वाजवला. ब्रेकभाऊ सहा मिनिटांत टोपीसकट खाली. एक शब्द विचारला नाही. डेपोत सुपरवायझरने डोळे चोळले आणि म्हणाला, तुम्ही कसे इथे? तर हे छाती काढून म्हणाले, "चार्टवर नाव आहे."

डेपो आठवडाभर हसत होता. मीही हसले, माझ्या पोटात दुखलं. पण ती गाडी दीड तास उशिरा सुटली होती, आणि दीड तास बायाबापड्या अंधारात स्टॉपवर उभ्या होत्या. जावई त्या दिवशी दुपारीच घरी आले, बूट न काढता चपलांच्या फळीवर बसले आणि लेकीला म्हणाले, "काल चार्ट लावताना मी शुद्धीत होतो, असं मला वाटत होतं."

त्यांच्या दारूबद्दल त्यांच्याच तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. दुसऱ्या दिवशी लेक त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. आठ दिवस तिथे ठेवून घेतलं, सलाईन लावलं, हातापायांची थरथर थांबली आणि माणूस घरी आला. चेहरा धुतल्यासारखा. खाणंपिणं नीट, बोलणं नीट. फक्त झोप नाही. म्हणजे थोडी नाही असं नाही, अजिबात नाही. डोळा लागायचा तो वीस मिनिटं, आणि मग छताकडे बघत सकाळ.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. इतकी वर्षं तुम्हाला झोप येतच नव्हती, तुमची शुद्ध जात होती. आता शरीर खरी झोप पहिल्यापासून शिकणार, काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने. रोज ठरलेल्या वेळी उठा, दुपारनंतर चहा बंद, दिवसा डुलकी नाही, झोप येत नसेल तर पलंगावर पडून राहू नका. जावयांनी हे सगळं परिपत्रकासारखं सुवाच्य अक्षरात लिहून कपाटावर चिकटवलं आणि खाली सही केली.

घरी आल्यावर बाराव्या दिवशी रात्री जेवताना त्यांनी ताट बाजूला सरकवलं. आम्ही तिघी समोर होतो: मी, लेक आणि सतरा वर्षांची नात. ते म्हणाले, "दिवसा मला दारू आठवतसुद्धा नाही. पण रात्री अडीच-तीनला एकच विचार येतो, की दोन घोट घेतले तर झोप लागेल. चौकापलीकडचं दुकान मागच्या खिडकीतून रात्रभर देतं. काल मी चप्पल घालून दारापर्यंत गेलो होतो. मला रात्री एकटं ठेवू नका."

लेकीच्या हातातला घास हातातच राहिला. नात तेवढी म्हणाली, "मग बाबा, चार्ट लावा ना."

आणि त्यांनी खरंच लावला. टेबलावर कागद पसरला, कानावरची पेन्सिल काढली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झालेले मी पाहिले. अकरा ते एक, एक ते तीन, तीन ते पाच अशा तीन पाळ्या. सलग चार रात्री कोणालाही ड्यूटी नाही. आठवड्याला प्रत्येकाला हक्काच्या सुट्ट्या. ड्यूटीवर येताना वेळ घालून सही, सुटताना सही. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. ब्रेकभाऊंना राखीव म्हणून घेतलं, त्यांनी आनंदाने होकार दिला आणि पहिल्या रात्री गणवेशात हजर झाले. मला तीन ते पाच. मी म्हटलं, मी घरात सगळ्यात ज्येष्ठ, मला पाळी निवडायचा हक्क आहे. जावई म्हणाले, लेखी अर्ज द्या. मी दिला. त्यांनी त्यावर 'तूर्त शक्य नाही' असा शेरा मारून परत केला. एक्स्चेंज सोडल्यानंतर चौदा वर्षांनी माझा पहिला अर्ज नामंजूर झाला आणि मला इतकं तरुण वाटलं की काय सांगू.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला जागरण म्हणणं बरोबर नाही. धिंगाणा म्हणावं लागेल, पण दबक्या आवाजातला. नातीच्या पाळीत ती त्यांच्याकडून रसायनशास्त्र पाठ करून घ्यायची. दहा दिवसांनी तिच्या बाईंनी प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली, मला नाही येत पण बाबांना येतं. लेकीच्या पाळीत ती दोघं जुन्या भांडणांची उजळणी करायची. म्हणजे भांडायची नाहीत, नुसतं कुठलं भांडण कुठल्या साली आणि मुद्दा काय होता एवढं ठरवायची. बहुतेक भांडणांचा मुद्दाच दोघांना आठवेना. त्यांच्या हसण्याने माझी अर्धवट आलेली झोप जायची आणि मी भिंतीवर थाप मारायची. भिंतीपलीकडून 'सॉरी आई' असा दोघांचा आवाज यायचा.

ब्रेकभाऊंची पाळी म्हणजे तर कहर. मी एकदा पाणी प्यायला उठले तर दिवाणखान्यात दोन खुर्च्या एकामागे एक मांडलेल्या. पुढच्या खुर्चीवर ब्रेकभाऊ, हातात स्टीलची परात, मागे जावई, गळ्यात नातीची पर्स. रूट नंबर सतराची गाडी चालली होती. जावई हळू आवाजात एकेक स्टॉप पुकारत होते, ब्रेकभाऊ परात वळवत होते, प्रत्येक स्टॉपवर थांबून माणसं चढेपर्यंत वाट बघत होते. मला पाहून जावई म्हणाले, मागे जागा आहे. मी म्हटलं, मला स्वयंपाकघरात उतरायचंय. तर ब्रेकभाऊंनी आरशात बघितल्यासारखं मान वर करून सांगितलं की स्वयंपाकघर स्टॉपच्या यादीत नाही, गाडी मधे थांबत नाही. मी तशीच स्टुलावर बसले. बाजार, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, सगळे स्टॉप झाले. शेवटच्या स्टॉपवर मी उतरले आणि तहान विसरून खोलीत गेले.

माझ्या पाळीत मात्र गंमत कमी. पहाटे तीन ही वेळच तशी. मी जुने स्वेटर उसवायची आणि जावई समोर बसून दोन्ही हातांवर लोकर धरायचे. त्या निमित्ताने त्यांचे हात अडकलेले असायचे, हा माझा अंतस्थ हेतू. एकोणीस वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी 'जेवण झालं का' आणि 'वीज गेली वाटतं' याच्या पुढे बोललो नव्हतो. एके रात्री हिरव्या लोकरीचा गुंडा अर्धा झाला असताना त्यांनी विचारलं, "आई, तुम्हाला माझा राग येतो?"

मी म्हटलं, "येतो. एकोणीस वर्षांचा साठलाय, जावईबापू. पाच वाजेपर्यंत संपणार नाही."

"उद्या तुमची सुट्टी आहे," ते म्हणाले. "परवा पुढचा ऐकतो."

आणि खरंच परवा येऊन समोर बसले, हात पुढे करून. मी बोलत गेले. लेकीच्या लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून सुरुवात केली आणि काही म्हणजे काही सोडलं नाही. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. निळा, करडा आणि पांढरा असे तीन स्वेटर उसवून झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आता तेच तेच सांगतेय. मग मी गप्प बसले आणि चहा केला, आणि दुपारनंतर चहा बंद असला तरी पहाटे चालतो की नाही यावर आम्ही पाच वाजेपर्यंत वाद घातला.

इकडे आमचे सगळ्यांचे दिवस मात्र वेड्यांच्या इस्पितळात शोभतील असे झाले होते. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एका गिऱ्हाईकाला यंत्रावर हनुवटी कशी टेकवायची ते दाखवता दाखवता ती स्वतःच तिथे हनुवटी टेकवून झोपली. गिऱ्हाईक भला माणूस, दहा मिनिटं थांबला आणि मग पलीकडून म्हणाला, मला अक्षरं दिसत नाहीत. नात कॉलेजला दोन रंगांचे मोजे घालून गेली आणि मैत्रिणींनी ती फॅशन उचलली. दारावरची बेल वाजली तर मी टेबलावरचा रिसीव्हर उचलून 'एक्स्चेंज, कोणता नंबर हवा?' असं विचारलं आणि बाहेर दूधवाला ताटकळत राहिला. आम्ही कशालाही हसायचो. चमचा पडला तरी हसायचो. झोप नसलेलं घर दारू प्यायल्यासारखं वागतं हे मला या वयात कळलं, आणि घरात सगळ्यात शुद्धीवर असलेला माणूस म्हणजे जावई. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण डेपोतला चार्ट असा की एकाही ड्रायव्हरची तक्रार नाही. वीस मिनिटांची डुलकी आता चाळीस मिनिटांवर आली होती. पुढे काही सरकेना.

चूक झाली ती सातव्या आठवड्यात. ब्रेकभाऊ परगावी आपल्या मुलीकडे गेले होते, नातीची परीक्षा संपली होती, म्हणून जावयांनी नवा चार्ट लावला आणि फ्रिजवर चिकटवला. चार्ट बघायची ड्रायव्हर लोकांची एक पद्धत असते, ती जावयांनीच आम्हाला हसत हसत सांगितली होती: बोर्डापुढे जायचं, आपलं नाव शोधायचं आणि निघायचं. बाकीच्या एकशे एक्केचाळीस नावांशी कोणाला देणंघेणं नसतं. सात आठवड्यांत आम्हीही तसेच झालो होतो. नातीने पाहिलं, गुरुवारी तिची सुट्टी. लेकीने पाहिलं, गुरुवारी तिची सुट्टी. मी चष्मा लावून पाहिलं, गुरुवारी माझी सुट्टी, आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. गुरुवारी रात्री साडेनऊला आम्ही तिघी आपापल्या अंथरुणात. दुसरी कोणीतरी जागी आहे अशी प्रत्येकीची खात्री.

मी अशी झोपले की कूससुद्धा बदलली नाही. जाग आली ती बरण्यांच्या झाकणांमुळे.

झाकणं वाजत होती. भिंतीपलीकडून तो ओळखीचा आवाज येत होता, चढत जाणारा, मग थबकणारा, मग धाडकन खाली येणारा. मला इतकं बरं वाटलं की मी पांघरूण ओढून पुन्हा डोळे मिटले. आणि मग खाडकन उघडले. या घरात तो आवाज म्हणजे फक्त एकच गोष्ट असायची.

मी उठून बाहेर आले. खिडकीत उजाडलं होतं, पावणेसहा वाजले होते. जावई दिवाणखान्यात होते. बाहेरच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेले, पाय पसरलेले, मान खांद्यावर पडलेली, तोंड उघडं. चपला बाजूलाच. लेक माझ्या आधी आली होती. ती चार हात लांब भिंतीला टेकून उभी होती आणि पुढे जात नव्हती.

"तुझी पाळी होती ना?" ती कुजबुजली.

मी नाही म्हणून मान हलवली. तिचीही नव्हती हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. लेकीचा तो चेहरा मी एकोणीस वर्षं पाहिलाय, आणि सात आठवड्यांत विसरले होते. तिने माझा दंड धरला.

"आई, तू बघ. माझ्याने नाही होत."

या माणसाच्या तोंडाचा वास येऊ नये म्हणून मी एकोणीस वर्षं जेवायलासुद्धा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसत आले. आता मी दाराच्या कडीला धरून खाली बसले, गुडघे कडकड वाजले, आणि त्यांच्या उघड्या तोंडाजवळ नाक नेलं. एकदा वास घेतला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतला. त्यांनी एक घोरणं थेट माझ्या चष्म्यावर सोडलं.

"टूथपेस्ट," मी म्हटलं.

लेक मटकन खाली बसली आणि हसायला लागली. आवाज होऊ नये म्हणून तिने सोफ्यावरची उशी तोंडात धरली. मी तिला दटावलं आणि मलाच हसू फुटलं, आणि हसता हसता मी कधी रडायला लागले ते मला कळलंच नाही. नात केस पिंजारून बाहेर आली, आम्हा तिघांना जमिनीवर पाहून हादरली, मग आवाज ऐकून, आमची तोंडं बघून तिला सगळं समजलं. ती फ्रिजवरचा चार्ट काढून घेऊन आली आणि आमच्यासमोर धरला.

गुरुवारचा रकाना आधी नुसता पेन्सिलीने आखलेला आणि रिकामा असणार. आता त्यात तिन्ही पाळ्यांना जावयांचं स्वतःचं नाव होतं, पेनाने. अकरा वाजता हजर, सही. एक वाजता हजर, सही. तीन वाजता हजर, सही, ती जरा तिरपी. पाच वाजता रिलीव्हरची सही, तिथे काहीच नाही.

त्यानंतरचे चार तास आम्ही तिघी त्या घरात चोरासारख्या वावरलो. कुकर लावला नाही. नळ बोटभर सोडला. दूधवाल्याची बेल वाजू नये म्हणून नात खिडकीत बसून राहिली आणि त्याला हात हलवून खालूनच परत पाठवलं. लेकीने दुकानात कळवलं की आज येत नाही, आणि कारण विचारल्यावर म्हणाली, घरात झोप आहे. आठ वाजता डेपोतून फोन आला. पहिल्याच घंटेला मी रिसीव्हर उचलला. पलीकडे सुपरवायझर, मास्तर अजून कसे आले नाहीत म्हणून काळजीत. दारूचं नाव न घेता तो दारूबद्दलच विचारत होता, हे मला कळलं. मी माझा एकतीस वर्षांचा गोड आवाज काढला.

"ते रात्री अकरापासून ड्यूटीवर आहेत," मी म्हटलं. "रिलीव्हर आला नाही, म्हणून जागा सोडलेली नाही."

तो काय समजला कोण जाणे. बरं, म्हणाला.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी घोरणं थांबलं. जावयांनी डोळे उघडले, खिडकीतून आलेलं ऊन पाहिलं, आमच्या तिघींकडे पाहिलं आणि घड्याळाकडे बघून ताडकन उठायला गेले. लेकीने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. रात्री साडेदहाला चार्ट बघितला तेव्हा चूक लक्षात आली होती. कोणाला तरी उठवावं म्हणून लेकीपाशी गेले, नातीपाशी गेले, मग माझ्या दारात येऊन उभे राहिले. अडीचला चपला घातल्या होत्या. मग काढल्या आणि पाठ दाराला लावून बसले, म्हणजे जायचं तर आधी स्वतःला बाजूला सरकवावं लागेल.

"मग तिघींपैकी एकीला हलवायचं होतंत की," मी म्हटलं. "मी काय मेले होते?"

"हलवणारच होतो आई. पण तुम्ही इतक्या जोरात घोरत होता." ते म्हणाले. "तो आवाज आला आणि वाटलं, चला, आजचा दिवस संपला. साडेतीनच्या पुढचं मला काही आठवत नाही."

मी घोरत नाही. मी आयुष्यात कधी घोरले नाही आणि हे मी त्यांना तिथेच, त्याच क्षणी सुनावलं. नातीने सांगितलं की आजी, तू माझ्या लहानपणापासून घोरतेस. लेक म्हणाली, माझे बाबाही हेच म्हणायचे. मी सगळ्यांना गप्प बसवलं, नातीच्या हातातला चार्ट ओढून घेतला आणि जावयांकडे हात पुढे केला. त्यांनी सवयीने कानावरची पेन्सिल काढली. मी म्हटलं, पेन द्या.

गुरुवारच्या शेवटच्या ओळीत मी वेळ घातली, दहा चाळीस, आणि रिलीव्हरच्या जागी सही केली.